खर्रा, भूक आणि रक्तातली चरबी

‘भूक लागत नाही.’ तंबाखू-सुपारी-चुन्याचा खर्रा का खाता, असं गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात कुणालाही विचारा, चार कारणांत हे एक हमखास येतं. दिवाळीच्या आगेमागे हलका धान कापणीला आलेला असतो, भारी धान मागून येतो. पहाटे पेज किंवा रात्रीचा उरलेला भात पोटात ढकलून माणसं बांधीवर जातात. शिदोरी सोडायला दुपार होते. त्या मधल्या पाच-सहा तासांत, वाकून वाकून कंबर मोडत असताना, गालात खर्र्याची गोळी असते. बायकांपैकी कुणी नस, म्हणजे तंबाखूची पूड, दातांना घासून आलेली असते, छत्तीसगडच्या बाजूच्या गावांत कुणी गुडाखू हा तंबाखूचा लगदा. काम चालू राहतं, पोट ओरडत नाही.

हे उत्तर मला नेहमी गंभीरपणे घ्यावंसं वाटतं, कारण ते खरं आहे. शहरातून आलेला माणूस ते व्यसनी माणसाची सबब म्हणून सोडून देतो. पण निकोटिन भूक मारतं, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पोटात अन्न नाही आणि हात तर चालताहेत, मग शरीर चालतंय कशावर? अंगावरच्या चरबीवर. खर्रा ती चरबी रक्तात सोडायला लावतो. तंबाखूविरोधी पाट्यांवर आपण गेली कित्येक वर्षं कुजलेला जबडा दाखवत आलो. तो दाखवायलाच हवा. पण तोंडाच्या पलीकडे, रक्तात, त्याच खर्र्यानं रोज दहा-दहा वेळा काय घडतं याची गोष्ट गावात कुणी सांगत नाही. हा लेख त्यासाठी आहे.

आपल्या अंगातली चरबी मेदपेशींमध्ये साठलेली असते. एकेका पेशीत तेलाचा एक मोठा थेंब, आणि त्याभोवती प्रथिनांचं आवरण. घरातल्या धानाच्या कोठीसारखीच ही व्यवस्था आहे: सुगीत भरायची, लागेल तसं काढायचं. कोठीचं दार उघडतं आणि बंद होतं ते संप्रेरकांच्या हुकमावर. जेवण झालं की इन्सुलिन वाढतं आणि दार बंद होतं. उपास पडला, धावपळ झाली, भीती वाटली, थंडी वाजली की मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनलिन आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अॅड्रेनलिन सुटतं. ती रसायनं मेदपेशीवर येऊन बसतात, पेशीच्या आत निरोप जातो, थेंबाभोवतीचं आवरण सैल पडतं आणि विकरं आत शिरून चरबीचे तुकडे करतात. हे तुकडे म्हणजे मुक्त मेदाम्लं. तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन त्यांना अंगावर घेऊन फिरतं. स्नायू, हृदय, यकृत, ज्याला हवं तो ती उचलतो.

१९५६ पर्यंत या मेदाम्लांकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं, कारण रक्तात ती असतातच इतकी थोडी. त्या वर्षी अमेरिकेत व्हिन्सेंट डोल आणि रॉबर्ट गॉर्डन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की प्रमाण थोडं असलं तरी उलाढाल प्रचंड आहे. रक्तातल्या मेदाम्लांचा निम्मा साठा दोन ते चार मिनिटांत उचलला जातो आणि तितकाच नवा येतो. उपाशी माणसाचं शरीर मुख्यतः याच वाहतुकीवर चालतं. डोल यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुढे त्यांनी चरबीचा अभ्यास बाजूला ठेवला आणि हेरॉइनच्या व्यसनात अडकलेल्यांसाठी मेथाडोन उपचार उभा केला. व्यसन म्हणजे चारित्र्याचा दोष नाही, शरीराच्या रसायनातला बिघाड आहे, हे ते आयुष्यभर ठासून सांगत राहिले. चरबी आणि व्यसन हे दोन विषय एकाच माणसाच्या हाताखालून गेले.

आता खर्रा कसा तयार होतो ते पाहू. सती नदीकाठच्या कुरखेड्यात असो की कोरचीच्या रस्त्यावरच्या एखाद्या फाट्यावर, पानठेल्यावरची कृती सारखीच. जाडसर पन्नीचा चौकोनी तुकडा, त्यावर सुपारीचा चुरा, त्यावर तंबाखू, मग ओल्या चुन्याचं बोट. पन्नी दुमडून ठेलेवाला ती पाटीवर तळहाताच्या टाचेनं घोटू लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘भाऊ, चुना पाहून टाका.’ घोटता घोटता पन्नी गरम होते, सुपारी मऊ पडते, चुन्याचा पांढरेपणा जाऊन सगळ्याला एकच तपकिरी रंग येतो आणि तिखट वास सुटतो. मग रबर लावून पुडी हातात. गिऱ्हाईक त्यातली चिमूट गालात सारतं आणि उरलेली पुडी खिशात जाते. दिवसभरात ती संपते, मग दुसरी.

यात सगळ्यात महत्त्वाचं काम चुन्याचं आहे, आणि त्याच्याकडेच कुणाचं लक्ष नसतं. तंबाखूतलं निकोटिन नुसतं चघळलं तर गालाच्या आतल्या त्वचेतून फारसं आत जात नाही, कारण त्यावर विद्युतभार असतो. चुन्यामुळे तोंडातलं मिश्रण अल्कधर्मी होतं, निकोटिनचा भार सुटतो आणि ते सरळ रक्तात उतरतं. सिगारेटचं निकोटिन झटक्यात चढतं आणि उतरतं. चघळलेल्याचं हळू चढतं आणि बराच वेळ टिकून राहतं. दिवसभर गालात खर्रा ठेवणाऱ्याच्या रक्तात निकोटिन सकाळपासून झोपेपर्यंत हजर असतं. सुपारीतलं अरेकोलिन वेगळ्या वाटेनं मज्जासंस्थेला चाळवतं. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं केव्हाच जाहीर केलेलं आहे.

रक्तात उतरलेलं निकोटिन मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना आणि मज्जातंतूंना चेतवतं, आणि अॅड्रेनलिन-नॉरअॅड्रेनलिन सुटतं. शरीराला वाटतं, संकट आलं. कोठीचं दार उघडतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फियात आल्फ्रेड केर्शबॉम आणि सॅम्युअल बेलेट यांनी माणसांना सिगारेट ओढायला लावून आधी-नंतर रक्त तपासलं. मुक्त मेदाम्लं वाढलेली आढळली. प्राण्यांना नुसतं निकोटिन दिलं तरी तेच झालं. चाळीस वर्षांनी स्टॉकहोममध्ये अँडरसन आणि आर्नर यांनी पोटाच्या कातडीखालच्या चरबीत बारीक नळी घालून पाहिलं. निकोटिन तिथेच, जागेवर, चरबी मोकळी करतं, आणि अॅड्रेनलिनच्या वाटेबरोबरच मेदपेशींच्या परिसरातल्या निकोटिनच्या स्वतःच्या ग्राहींमार्फतही, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या प्रथिनांमार्फतही, करतं, असं त्यांना दिसलं. भूक का मरते याचा धागा २०११ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांना उंदरांच्या मेंदूत सापडला. पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या हायपोथॅलॅमसमधल्या पेशींनाच निकोटिन चालू करतं.

म्हणजे दोन गोष्टी एकदम घडतात. मेंदूला सांगितलं जातं की पोट भरलंय, आणि अंगातली चरबी बाहेर काढून रक्तात ओतली जाते. बांधीवर वाकलेल्या मजुराला यात फायदा वाटतो, आणि त्या क्षणापुरता तो असतोही. त्याचे स्नायू ती मेदाम्लं जाळून टाकतात. पण त्याच्या अंगावर मुळात चरबी किती? कुरखेडा-कोरचीकडच्या कष्टकऱ्यांचे दंड आणि गाल पाहिले की कळतं. जो साठा आजारपणात, बाळंतपणात, पावसाळ्याच्या टंचाईच्या दिवसांत उपयोगी पडायचा, तो रोज थोडाथोडा उचलला जातो आणि भूक गप्प असल्यामुळे परत भरला जात नाही. गरोदर बाई नस घासते तेव्हा या हिशेबात दोन जीव असतात.

दुसरं चित्र त्याच गावातलं, त्याच महिन्यातलं. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत मंडया भरतात आणि रात्ररात्र नाटकं चालतात. वडसा म्हणजे या रंगभूमीचं माहेर. तिथल्या मंडळ्या गावोगाव तंबू ठोकतात आणि माणसं रात्री दहाला बसतात ती पहाटे उठतात. ही रंगभूमी मला फार प्रिय आहे. पण त्या मंडपात नजर टाका: थंडी, जागरण, चहा, आणि गालोगाली खर्रा. जागरणानं आणि थंडीनं अॅड्रेनलिन आधीच चढलेलं. चहातलं कॅफिन मेदपेशींवरचा एक नैसर्गिक लगाम सोडवतं आणि मेदाम्लं वाढवतं. त्यावर निकोटिन. रक्तात चरबी सुटते आणि माणूस मात्र खुर्चीत किंवा सतरंजीवर बसलेला. जाळायला कुणी नाही. पानठेल्यासमोरच्या बाकावर दिवस काढणाऱ्या तरुणाचंही तेच.

न जळलेली मेदाम्लं जातात कुठे? बरीचशी यकृताकडे. यकृत त्यांचं ट्रायग्लिसराइड बनवून पुन्हा रक्तात धाडतं, काही स्वतःत साठवतं. स्नायूंमध्ये ती साखरेच्या आड येतात. फिलिप रँडल यांनी १९६३ मध्ये मांडलं की स्नायूला मेदाम्लं भरपूर मिळाली की तो साखर घेईनासा होतो. इन्सुलिन हाका मारतं आणि पेशी ऐकत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून १९८९ मध्ये एक हिशेब प्रसिद्ध झाला: न ओढणाऱ्यांपेक्षा त्यांचं ट्रायग्लिसराइड सरासरी ९ टक्क्यांनी जास्त, आणि चांगलं समजलं जाणारं एचडीएल कोलेस्टेरॉल जवळपास ६ टक्क्यांनी कमी. सिगारेटच्या धुरात इतरही विषं असतात, त्यामुळे हा सगळा दोष निकोटिनच्या माथी मारता येत नाही. मात्र मेदाम्लं सोडण्याचं काम निकोटिनचं आहे, आणि ते गालातूनही येतं.

‘आमच्याकडे कुठे जाड माणसं आहेत?’ हा प्रतिप्रश्न गडचिरोलीत नेहमी येतो. त्याचं उत्तर पुण्यातून मिळालेलं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार असा आपला भारतीय बांधा आहे आणि तो आईच्या पोटातल्या कुपोषणापासून घडत येतो, हे याज्ञिकांनी पुणे परिसरातल्या खेड्यांमध्ये आई-बाळांचा दीर्घ अभ्यास करून दाखवलं. बारीक असणं म्हणजे रक्तवाहिन्या सुरक्षित असणं नव्हे.

गडचिरोलीतून आलेला पुरावा तर धडकी भरवणारा आहे. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या ८६ गावांमधले मृत्यू दोन वर्षं नोंदवले. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मलेरिया, साप, अपघात, सगळ्यांना मागे टाकून मृत्यूचं पहिलं कारण निघालं लकवा. शंभरातले चौदा मृत्यू त्यानं. त्याचं मोठं कारण रक्तदाब आहे, पण तंबाखूही आरोपीच्या पिंजऱ्यात आहेच. ‘इंटरहार्ट’ या बावन्न देशांतल्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला, आणि ओढणं-चघळणं दोन्ही करणाऱ्यांना चौपट. महाराष्ट्रात तंबाखू खाणारे ओढणाऱ्यांच्या कैक पट आहेत: २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत धूररहित तंबाखू वापरणारे प्रौढ २४.४ टक्के, ओढणारे ३.८ टक्के. ‘मी बिडी पीत नाही, फक्त खर्रा खातो’ असं सांगताना माणसाच्या चेहऱ्यावर जो निश्चिंतपणा असतो, त्याला आधार नाही.

इथे औषधविज्ञानातली एक गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. चरबीचं दार उघडणारं रसायन तंबाखूत आहे, तसं ते बंद करणारं रसायनही निकोटिनपासूनच माणसाला मिळालं. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी निकोटिनवर तीव्र आम्लाची क्रिया करून एक पांढरं चूर्ण मिळवलं: निकोटिनिक आम्ल. कित्येक दशकं ते बाटलीत पडून राहिलं. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेहेम यांनी कुत्र्यांची जीभ काळी पडण्याचा आजार त्यानं बरा करून दाखवला आणि ते ब गटातलं जीवनसत्त्व निघालं. आज आपण त्याला नायसिन म्हणतो. आपल्या शेजारच्या तेलंगणात ज्वारीवर जगणाऱ्यांमध्ये त्याच्या अभावानं होणारा पेलाग्रा हा आजार दिसायचा. हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्यावर मोलाचं काम केलं.

मग १९५५ मध्ये कॅनडात रुडॉल्फ आल्टशूल आणि सहकाऱ्यांना आढळलं की जीवनसत्त्वाच्या रोजच्या गरजेच्या शेकडो पट मात्रा दिली तर कोलेस्टेरॉल उतरतं. १९६२ मध्ये स्वीडनच्या लार्स कार्लसन आणि ओरो यांनी कारण शोधलं: नायसिन मेदपेशींतून मेदाम्लं सुटणंच थांबवतं. यकृताला कच्चा माल मिळाला नाही की ट्रायग्लिसराइड कमी बनतं. चेहरा लालबुंद होतो, अंगाला खाज सुटते, तरी लोक ते वर्षानुवर्षं घेत राहिले. मेदपेशीवरचा त्याचा ग्राही २००३ मध्ये सापडला.

कागदावर सगळं चोख होतं. रक्ताचा अहवाल सुधारायचा, एचडीएल वाढायचं. पण जगलेल्या-मेलेल्यांचा हिशेब मांडला तेव्हा निराशा झाली. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधाच्या जोडीला नायसिन देणारा अमेरिकेतला एक मोठा प्रयोग २०११ मध्ये फायदा दिसेना म्हणून थांबवावा लागला. पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांवरच्या दुसऱ्या प्रयोगाचा निकाल २०१४ मध्ये आला: झटके कमी झाले नाहीत, उलट मधुमेह आणि इतर त्रास वाढले. एक कारण असं दिसतं की औषधाचा अंमल ओसरला की दाबून धरलेली मेदाम्लं उसळी मारून पहिल्यापेक्षा वर जातात. मला यातून एवढंच पक्कं वाटतं की चरबीचं दार गोळीनं लावण्याचा मार्ग सोपा नाही, आणि रोज दहा वेळा ते तंबाखूनं उघडून ठेवणाऱ्याला संध्याकाळी गोळी देऊन सोडवता येईल, ही आशा तर सोडूनच द्यावी.

दारूची गोष्ट वेगळ्या दिशेनं जाते. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असो नसो, मोहफुलं दरवर्षी गळतात आणि भट्ट्याही लागतात. दारू यकृतात जाते तेव्हा तिचं शेवटी अॅसिटेट होऊन रक्तात येतं, आणि ते मेदपेशींचं दार काही काळ लावून टाकतं. हे १९६८ मध्ये माणसांवर दाखवलं गेलं. शरीर चरबी सोडून दारूच जाळत बसतं. यकृताची चरबी जाळण्याची यंत्रणा ठप्प होते आणि चरबी तिथेच साचते. हे कुपोषणामुळे होतं, असं पूर्वी मानत. चार्ल्स लीबर यांनी नीट जेवणाऱ्या माणसांतही केवळ दारूनं यकृत चरबीनं भरतं, हे साठच्या दशकात सिद्ध केलं. सगळ्यात वाईट अवस्था पुढची. कुणी दोन-तीन दिवस नुसती पितो, जेवत नाही. इन्सुलिन तळाला जातं, दार सताड उघडतं, मेदाम्लांचा लोंढा यकृताकडे येतो आणि तिथून आम्लं बनून रक्तात पसरतात. उलट्या, पोटदुखी, धाप. घरचे म्हणतात जास्त झाली, आणि झोपू देतात. अशा माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवं. सलाइन, साखर आणि बी-वन जीवनसत्त्व यांनी तो वाचू शकतो.

डॉक्टरांनी दिलेली औषधंही या दारावर काम करतात. दम्यासाठीचं साल्ब्युटामोल मेदाम्लं वाढवतं, रक्तदाबासाठीची बीटा-ब्लॉकर जातीची जुनी औषधं ती कमी करतात. लांबलेले स्टेरॉइड चरबीची जागाच बदलतात, हातापायांवरून काढून चेहऱ्यावर आणि पोटावर नेतात. हेपॅरिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचं एक विकर सुटं करतं आणि रक्तातलं ट्रायग्लिसराइड फुटतं. यातलं कुठलंही औषध या कारणासाठी मनानं बंद करू नये. गरजेपुरतं, मोजून, कुणाच्या तरी देखरेखीखाली घेतलेलं औषध आणि दिवसभर गालात ठेवलेली गोळी यांत हाच फरक आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. कुरखेड्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, शिबिरंही भरतात, आणि साखर-चरबी तपासायला ‘उपाशीपोटी या’ असं सांगितलं जातं. माणसं प्रामाणिकपणे उपाशी येतात. पण खर्रा म्हणजे खाणं, असं कुणी धरतच नाही. पहाटे उठल्याबरोबर एक चिमूट, बसथांब्यावर चहा, रांगेत पुन्हा एक चिमूट, आणि मग सुईसाठी हात पुढे. त्या रक्तातली साखर आणि चरबी उपाशी, शांत माणसाची राहिलेली नसते. मुक्त मेदाम्लं तर नेहमीच्या तपासणीत मोजतच नाहीत. आदल्या रात्रीपासून खर्रा, नस, चहा काही नको, हे एक वाक्य आशाताईंच्या निरोपात घातलं तर अहवाल खरा येईल. आणि अहवाल वाचणाऱ्यानं खर्र्याच्या पुड्या दिवसाला किती, हे विचारून शेजारी लिहावं.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पुढच्याच वर्षी सुगंधित तंबाखू आणि सुपारीही तिच्यात आली. २०१६ पासून शासन आणि ‘सर्च’ यांचं ‘मुक्तिपथ’ अभियान गडचिरोलीच्या गावागावांत दारू-तंबाखूविरुद्ध काम करतं. कुरखेड्यातच डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांची ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था इथल्या लोकांच्या आरोग्यासाठी आणि अन्नासाठी कित्येक वर्षं झटते आहे. या कामाला मला जोडून एवढंच सांगायचं आहे की खर्रा सोडवण्याची वेळ आणि जेवणाची सोय यांचा विचार एकत्र व्हायला हवा. निकोटिन शरीरातून दोन-तीन दिवसांत जातं. चिडचिड, डोकेदुखी, झोप न येणं काही आठवडे राहतं. आणि भूक परत येते, कडकडून येते. सिगारेट सोडणाऱ्यांचं वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलोंनी वाढतं. मुंबई-पुण्याच्या माणसाला ही भीती वाटते. बांधीवरच्या मजुराला ते चार किलो हवेच आहेत, पण ते कशातून येणार? सकाळी दहाच्या सुमाराला बांधीवर भात-वरण, जवसाची चटणी, उकडलेली अंडी किंवा मूठभर फुटाणे पोचले नाहीत, तर ती भूक पुन्हा पानठेल्यावरच जाणार. धान कापणीची मजुरी ठरवताना सकाळचं जेवण मालकानं द्यायचं, असा ठराव ग्रामसभा करू शकते, आणि त्यासाठी कुठल्या औषधाची वाट पाहावी लागत नाही.